गाडीचा टेप पेटीत बसवताना: काय करावे, काय टाळावे

गाडीत टचस्क्रीन आली की जुना टेप आणि दारांतले स्पीकर माळ्यावर जातात. बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असतात. त्यांना एक बॅटरी आणि प्लायची पेटी मिळाली की गच्चीत, अंगणात, गॅरेजमध्ये उचलून नेता येईल असा स्टिरिओ तयार होतो. हा माल मुळातच १२ व्होल्टवर चालणारा आणि खड्डे, ऊन, धूळ सोसणारा असतो, त्यामुळे या कामाला तो सोयीचा पडतो.

एक गोष्ट मात्र गाडीतच राहते, ती म्हणजे आल्टरनेटर. इंजिन चालू असेपर्यंत तो टेपला १४ व्होल्टच्या आसपास वीज पुरवतो आणि टेप मागेल तेवढा करंट देतो. पेटीत तुम्ही उचलून नेलेली बॅटरी सोडून दुसरी वीज नसते. खालचे बहुतेक नियम या एका फरकातून आले आहेत.

इथे धरलेली जुळणी अशी: सिंगल डिन मापाचा टेप, साडेसहा इंची कोॲक्सिअल स्पीकरची जोडी आणि यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ एएच (ॲम्पिअर-तास) क्षमतेची बॅटरी.

टेप निवडताना

करा

- बाजारातून वेगळा घेऊन गाडीत बसवलेला सिंगल डिन टेप निवडा. त्याच्या तोंडाचे माप ठरलेले असते, सुमारे १८ सेंमी रुंद आणि ५ सेंमी उंच. पिवळी, लाल आणि काळी या तीन तारा जोडल्या की तो कुठेही चालू होतो.
- गाडीतून टेप काढण्याआधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. टेपमागचा कपलर सोबत घ्या. तारा तोडाव्याच लागल्या तर कपलरपासून वीतभर लांब तोडा. टेप ज्यात अडकतो ती पत्र्याची चौकटही घ्या, पेटीत तीच लागणार आहे.
- मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा जुन्या बाजारात टेप घेत असाल तर तिथेच १२ व्होल्टवर लावून बघा. चारही चॅनेल एकामागून एक त्याच स्पीकरवर ऐका. आवाजाचे बटण खरखरते का, डिस्प्लेच्या रेषा गेल्या आहेत का, ऑक्स चालतो का, हेही तपासा.

टाळा

- नव्या गाड्यांची कंपनी फिटेड युनिट्स घेऊ नका. त्यांतली बरीच कॅन बस नावाच्या जोडणीतून गाडीशी बोलतात आणि गाडीकडून संदेश आला नाही तर जागी होत नाहीत.
- चालू करताच कोड मागणारा टेप घेऊ नका. तो आकडा मूळ मालकाकडच्या कार्डावर असतो. कार्ड नसेल तर तो टेप तुमच्या कामाचा नाही.
- नंबर खरवडलेला आणि बिल नसलेला माल घेऊ नका. गाड्यांतून टेप चोरीला जातात आणि स्वस्तात विकले जातात.
- तोंडावर छापलेल्या ‘५० वॉट × ४’वर हिशेब बांधू नका. टेपच्या पाठीवर बहुधा १० ॲम्पिअरचा फ्यूज असतो. १४.४ व्होल्ट गुणिले १० ॲम्पिअर म्हणजे आत जाणारी वीजच १४४ वॉट, मग बाहेर २०० वॉट कुठून येणार? १२ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला एका चॅनेलमधून कागदोपत्री कमाल १८ वॉट मिळतात आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. घराबाहेर ऐकायला तेवढे भरपूर होतात.

स्पीकर निवडताना

करा

- वॉटचा आकडा सोडा, सेन्सिटिव्हिटी बघा. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. दर ३ डेसिबलला लागणारी वीज दुप्पट होते. म्हणून ८६ डेसिबलचा स्पीकर ४ वॉट खाऊन जेवढा वाजतो, तेवढा ९२ डेसिबलचा स्पीकर एका वॉटमध्ये वाजतो. गाडीत हा फरक आल्टरनेटर झाकून टाकतो, पेटीत तो थेट बॅटरीच्या तासांत दिसतो.
- दोन स्पीकरची तुलना करताना आकडा १ वॉटवरचा आहे की २.८३ व्होल्टवरचा, ते वाचा. ४ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट होतात, त्यामुळे तो आकडा ३ डेसिबलने फुगलेला असतो.
- जुना स्पीकर दोन्ही अंगठ्यांनी मधोमध हलकेच दाबून बघा. घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल वाकली आहे. मल्टिमीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली आहे.
- टर्मिनलवरची खूण पुसली असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला लागला ते टोक प्लस. दोन्ही स्पीकरवर हीच खूण करा. एक जरी उलटा लागला तर दोघांचा बेस एकमेकांना मारतो आणि दोष कारण नसताना पेटीला लागतो.

टाळा

- मोठा सबवूफर, बेस ट्यूब किंवा वेगळा ॲम्प्लिफायर पहिल्या पेटीत घालू नका. ३० ॲम्पिअरचा फ्यूज असलेला ॲम्प्लिफायर ७ एएचच्या बॅटरीला झेपत नाही.
- कडेची फोमची रिंग भुसभुशीत झालेले स्पीकर घेऊ नका. आज वाजले तरी महिन्याभरात फाटतील.
- एका चॅनेलला ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडू नका. टेपला २ ओहम दिसतात आणि आतली आयसी तापते. चार स्पीकर असतील तर चार चॅनेल आहेत, प्रत्येकाला एक द्या.

बॅटरी आणि चार्जिंग

करा

- पहिल्या पेटीसाठी १२ व्होल्ट, ७ एएचची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी घ्या. ती १५ सेंमी लांब, साडेसहा सेंमी जाड आणि दोन-अडीच किलो वजनाची असते. ती कुठेही मिळते आणि थोड्याफार चुका पोटात घालते.
- तासांचा हिशेब आधी मांडा. टेपने सरासरी १ ॲम्पिअर घेतला आणि अर्धीच बॅटरी वापरायची ठरवली, तर साडेतीन तास मिळतात. तुमचा टेप प्रत्यक्षात किती घेतो ते मल्टिमीटरच्या १० ॲम्पिअरच्या खाचेत प्रोब लावून मोजा. मोजून झाल्यावर लाल प्रोब लगेच व्होल्टच्या खाचेत परत घाला. तो तिथेच राहिला आणि तुम्ही बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलात तर मीटरमधूनच शॉर्ट होईल.
- पेटीवर छोटा व्होल्टमीटर लावा. वाजत असताना तो ११.५ दाखवू लागला की थांबा. १०.५ च्या खाली लेड-ॲसिड कधीच नेऊ नका. विसराळू घरात लो व्होल्टेज कटऑफची पट्टी बसवलेली बरी.
- चार्जर बॅटरीच्या बेताचा घ्या. तो १४.४ ते १४.७ व्होल्टपर्यंत नेणारा आणि २ ॲम्पिअरच्या आत राहणारा असावा. बॅटरी भरल्यावर तो १३.५ ते १३.८ वर उतरला तर रात्रभर लावून ठेवता येतो.
- वापर झाल्यावर त्याच दिवशी चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि क्षमता कायमची घटते. पावसाळ्यात पेटी माळ्यावर असली तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्जरला लावा.
- वजन खुपत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएस सर्किटसकट. तिचे काम १२.८ व्होल्टच्या आसपास चालते आणि भरताना ती १४.६ पर्यंत जाते, म्हणजे गाडीच्या टेपला सवयीचाच पट्टा. तिचा चार्जर मात्र तिच्यासाठीचाच हवा.

टाळा

- लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल काढून घरी पॅक बनवू नका. तीन सेलचा साधा लिथियम-आयन पॅक १२.६ वरून ९ व्होल्टपर्यंत उतरतो, पण बरेच टेप त्याआधीच मान टाकतात. चार सेल घातले तर भरलेला पॅक १६.८ दाखवतो आणि बहुतेक टेपची मर्यादा १६ व्होल्टची असते. शिवाय जुन्या लिथियम सेलला थेट डाग देणे म्हणजे आगीशी खेळ.
- गॅरेजमधला १० ॲम्पिअरचा चार्जर लावू नका. छोटी बॅटरी फुगते.
- २३० व्होल्टचे काहीही पेटीच्या आत ठेवू नका. चार्जर बाहेर राहू द्या. पेटीवर उलटा घुसणारच नाही असा डीसी सॉकेट बसवा.
- बॅटरी हवाबंद कप्प्यात कोंडू नका. नावात ‘सीलबंद’ असले तरी जास्त चार्ज झाली तर ती हायड्रोजन सोडते. तिच्या कप्प्याला वर-खाली भोके हवीत. ती आडवी चालते, पण उलटी ठेवू नका.

वायरिंग

करा

- पहिले काम फ्यूजचे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत १० ॲम्पिअरचा ब्लेड फ्यूज बसवा. टेपच्या पाठीवर फ्यूज असला तरीही हा हवाच. टेपचा फ्यूज टेपला सांभाळतो, बॅटरीजवळचा फ्यूज तारेला. ७ एएचची ही छोटी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर १०० ॲम्पिअरच्या वर सोडते आणि तार क्षणात लाल होते.
- रंग ओळखा. वेगळ्या विकत घेतलेल्या टेपमध्ये पिवळी तार कायमच्या १२ व्होल्टची, लाल चावीची आणि काळी अर्थची. पुढचा डावा स्पीकर पांढऱ्या तारेवर आणि पुढचा उजवा करड्या तारेवर. मागचा डावा हिरव्या, मागचा उजवा जांभळ्या. प्रत्येक जोडीतली काळी पट्टी असलेली तार मायनस. निळी तार अँटेनाची आणि निळी-पांढरी ॲम्प्लिफायरची. त्या लागत नसतील तर टोके बंद करा.
- रंगांवर विसंबण्याआधी टेपवरचा कागद वाचा. कंपनी फिटेड टेपमध्ये रंगांची रीत वेगळी असू शकते.
- पिवळी तार कुठे जोडायची ते वापरावरून ठरवा. तिच्यावर घड्याळ आणि रेडिओ स्टेशनांची आठवण टिकते, पण तिथून करंट अखंड झिरपतो. ५ मिलिॲम्पिअर धरले तरी ७ एएचची भरलेली बॅटरी १,४०० तासांत, म्हणजे दोन महिन्यांच्या आत रिकामी होते. पेटी रोज वापरणार असाल तर पिवळी फ्यूजनंतर थेट जोडा. अधूनमधून वापरणार असाल तर पिवळी आणि लाल दोन्ही एकाच मुख्य स्विचवर घ्या आणि स्टेशने पुन्हा लावायची तयारी ठेवा.
- मुख्य तारेला दीड चौरस मिमीची तांब्याची मऊ तार वापरा. सांध्याला डाग द्या आणि वर हीट श्रिंक नळी चढवा. बॅटरीच्या टोकांना मापाचे लग दाबून बसवा.
- न वापरलेल्या प्रत्येक तारेचे टोक वेगवेगळे बंद करा.
- पेटी कापण्याआधी सगळे टेबलावर जोडून तासभर वाजवा. फ्यूज, लग, आयसीची पाठ यांना हात लावून बघा. बोट ठेववत नाही इतके काही तापत असेल तर कारण शोधा, मगच करवत हातात घ्या.

टाळा

- स्पीकरची मायनस तार अर्थला, बॅटरीच्या मायनसला किंवा दुसऱ्या स्पीकरच्या मायनसला जोडू नका. गाडीच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर ॲम्प्लिफायर काम करत असतो आणि दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहाएक व्होल्ट उभे असतात. त्यातली एक अर्थला टेकली की आउटपुटची आयसी जाऊ शकते. खूप जुन्या गाड्यांत स्पीकरची एक बाजू बॉडीला जोडण्याची पद्धत होती. ती इथे आणू नका.
- फ्यूज उडाला म्हणून मोठा घालू नका. त्याने सांगितलेला दोष आधी शोधा.
- नुसत्या पीळ दिलेल्या आणि इन्सुलेशन टेप गुंडाळलेल्या सांध्यांवर काम ठेवू नका. बेस वाजला की पेटी थरथरते, सांधे सैल होतात आणि उन्हात चिकटपट्टी सुटते.

पेटी

करा

- पेटीचे तीन कप्पे पाडा. कडेच्या दोन कप्प्यांत स्पीकर, मधल्यात टेप आणि त्याखाली बॅटरी. कडेचे कप्पे हवाबंद ठेवा, मधला हवेशीर. स्पीकर आणि बॅटरी यांच्या गरजा उलट आहेत, म्हणून मधली फळी लागते.
- साडेसहा इंची स्पीकरला साधारण १० लिटर जागा द्या. आतून २० × २४ × २१ सेंमी म्हणजे १०,०८० घनसेंमी, बरोबर तेवढी. दार नसलेला उघडा स्पीकर टेबलावर ठेवून ऐकला तर बेस येत नाही, कारण पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिटवते. गाडीत या दोन बाजू वेगळ्या ठेवण्याचे काम दार करते, इथे पेटी करते.
- १२ मिमीचा चांगला प्लाय वापरा. वरच्या मापांची तीन कप्प्यांची पेटी सुमारे सहा किलोची होते. तीच १८ मिमी एमडीएफमध्ये केली तर अकरा किलोच्या आसपास जाते आणि कोकणातल्या पहिल्याच पावसाळ्यात तिच्या कडा फुगू लागतात.
- सांध्यांना फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही वापरा. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी लावा. तारा जिथून आत जातात त्या भोकात सिलिकॉन भरा. पडदा हलकेच दाबून सोडल्यावर तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे.
- कप्प्यात उशीतला पॉलिएस्टरचा कापूस सैल भरा. आवाजातला पोकळपणा कमी होतो.
- टेपला मागूनही आधार द्या. फक्त चौकटीवर लटकवला तर पेटी आपटताना पुढचा भाग तुटतो.
- बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधा. ती तळाशी आणि मधोमध असावी, म्हणजे उचलताना पेटी एका बाजूला झुकत नाही.

टाळा

- स्पीकर बसवल्यावर जाळी कापणे किंवा भोके पाडणे टाळा. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो आणि कॉइलच्या फटीत शिरतो. आधी सगळी कापाकापी करा, मग झाडलोट, मग स्पीकर.
- टेपची मागची ॲल्युमिनियमची पाठ फळीला टेकवू नका. तिथूनच आयसीची उष्णता बाहेर पडते.
- सीडी असलेला टेप फार तिरका बसवू नका, गाणी अडखळतात.
- रंगाला घाई करू नका. आधी महिनाभर वापरा, कुठे काय बदलायचे ते कळेल.

रेडिओ, ब्लूटूथ आणि खरखर

करा

- एफएमसाठी ७५ सेंमी लांबीची साधी तार पुरते. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर आणि तिचा चौथा हिस्सा ७५ सेंमी. गाडीच्या अँटेनाची पिन लावून तार उभी ठेवा.
- ऑक्समध्ये ब्लूटूथ रिसीव्हर लावला आणि शिट्टीसारखा आवाज आला तर तो रिसीव्हर टेपच्याच यूएसबीवर चालवून बघा. तरी राहिला तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला.

टाळा

- त्याच बॅटरीवर स्वस्त मोबाइल चार्जर चालवून, तोच मोबाइल ऑक्सला जोडू नका. दोन वाटांनी अर्थ मिळाला की चार्जरची भणभण गाण्यात शिरते.
- चार्जिंग चालू असताना रेडिओ ऐकू नका. चार्जरची खरखर एफएमवर येते आणि बॅटरी भरली की नाही हे चार्जरलाही नीट कळत नाही.

वाजवताना आणि ठेवताना

करा

- टेपमध्ये हाय पास फिल्टर असेल तर ८० हर्ट्झला लावा. साडेसहा इंची स्पीकर त्याखाली फारसे वाजवू शकत नाहीत, नुसते हलतात आणि बॅटरी खातात.
- डेमो मोड बंद करा आणि डिस्प्लेचा उजेड कमी ठेवा.
- स्पीकर पुढच्या चॅनेलला असतील तर फेडर पूर्ण पुढे न्या. तो मधोमध असला तर मागच्या रिकाम्या चॅनेललाही सिग्नल जात राहतो.
- मेलेली बॅटरी दुकानदाराकडे परत द्या. ते बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांना धरून आहे आणि शिशाच्या बॅटरीचे मोडीत पैसेही येतात.

टाळा

- बेस बूस्ट चढवू नका. बेस ६ डेसिबलने वाढवला की त्या सुरांना चौपट वीज लागते. सेन्सिटिव्ह स्पीकर घेऊन केलेली बचत मग हातची जाते.
- आवाज फाटू लागल्यावर तसाच पुढे रेटू नका. बॅटरी उतरत आली की फाटणे कमी आवाजातच सुरू होते आणि त्यात आधी ट्वीटर जळतात.
- पेटी उन्हात बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने लेड-ॲसिडचे आयुष्य झपाट्याने घटते.
- गडावर आणि अभयारण्यात पेटी नेऊ नका.
- ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम विसरू नका. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र १० ला सुरू होऊन सकाळी ६ ला संपते. गाडीची काच वर केली की आवाज बराचसा आत राहायचा, पेटीचा आवाज सरळ शेजारी जातो. म्हणून पहिल्याच दिवशी पेटी नेहमीच्या जागी ठेवा, आवाज वाढवत जा आणि शेजारच्या खिडकीपाशी उभे राहून ऐका. तिथे शब्द कळू लागतील तो आकडा टेपच्या डिस्प्लेवर पाहून ठेवा आणि रोजचे ऐकणे त्याच्या खाली ठेवा. बॅटरीही जास्त वेळ टिकेल.